बोर्डासाठी राखलेली जखम

माझ्या उजव्या पायाची दोन बोटं अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात कापली. ती लढाईत गेली असं गावात पुष्कळांना वाटतं, आणि मीही बरेच दिवस कोणाचा समज दूर केला नाही. खरी हकीकत वेगळी आहे. सांगायला लाज वाटते, तरी लिहितो. आमच्या भागात माझ्यासारखे फौजेतून परत आलेले बरेच आहेत. कोणाचा पाय बधिर आहे, कोणाला थंडीत पाऊल टाकवत नाही, आणि प्रत्येकाला पेन्शनसाठी मेडिकल बोर्ड अपंगत्वाचे किती टक्के देईल याचा घोर लागलेला आहे. त्यांनी हे वाचावं. वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्यावं.

मी वलगावचा. आमचं घर माळ्याचं. पेढी नदीच्या काठाला आमचा भाजीचा मळा आहे. थोरले भाऊ जानराव आणि मी चंपत, दोघं मिळून तो करतो. लढाई संपल्यावर मला पलटणीतून सोडलं आणि मी घरी येऊन पुन्हा वांग्याच्या वाफ्यांत पाणी फिरवायला लागलो. पाय पहिल्यासारखे नव्हते, पण चालता येत होतं. पावसाळा सरता सरता एका दुपारी मळ्यातून घरी आलो, हातपाय धुतले आणि पाटावर बसलो. माझी बायको यशोदा ताट घेऊन आली ती दारातच थांबली.

"आवो, हे रगत कोनाचं व्हय?"

न्हाणीपासून पाटापर्यंत सारवलेल्या जमिनीवर उजव्या पायाचे लाल डाग उमटले होते. मी पाय उलटा करून पाहिला. बाभळीचा काटा करंगळीच्या मुळाशी आत शिरून मोडला होता.

"दुखत नोतं काय तुमाले?"

"नाई."

"एवढा काटा, अन् दुखत नाई?"

तिनं सुई आणली. काटा काढताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिच्या हाताकडे. सुई किती खोल गेली ते मला नुसतं दिसत होतं. शेवटी बोटाच्या पेराएवढा काटा तिनं तळहातावर ठेवून मला दाखवला. मी भ्यालो. तोफांच्या माऱ्यातही मी भ्यालो होतो, पण ती भीती बाहेरून यायची. आता माझाच पाय मला काही सांगेनासा झाला होता.

* * *

पाय कसे गेले ते थोडक्यात सांगतो.

आमची पलटण इटलीत होती. हिवाळ्याचे दिवस, डोंगराळ मुलूख. एका नाल्यापलीकडच्या उतारावर आम्हाला खड्डे खणून बसवलं होतं. वरून पाऊस, डोंगरावरून वितळलेल्या बर्फाचं पाणी, आणि खड्ड्यात पोटरीपर्यंत गाळ. हुकूम असा होता की शिपायानं रोज बूट काढायचे, पाय पुसून तेल चोळायचं, कोरडे मोजे घालायचे. आणि हवालदारानं रोज प्रत्येकाचे पाय डोळ्यांनी पाहायचे. आमचा हवालदार किसन, अकोल्याचा. वऱ्हाडातला म्हणून माझ्यावर त्याचा जीव होता.

नाला ओलांडताना माझं पिट्टू, म्हणजे पाठीवरचं सामान, वाहून गेलं. त्यातच कोरडे मोजे होते. तेलाचा डबा हवालदाराजवळ होता आणि हवालदार मागच्या पडक्या घरात. मधल्या मोकळ्या जागेवर गोळे पडत होते. तो आला नाही. चार दिवस आम्ही तिथंच होतो. पहिल्या दिवशी पाय ठणकले, दुसऱ्या दिवशी जड झाले, आणि नंतर मला वाटलं की बरे झाले, कारण काहीच लागेना.

सुटका झाली तेव्हा बूट निघेनात. चाकूनं कापून काढले. पाय पांढरे फटक, सुजलेले, पाण्यात राहिलेल्या दोराला येतात तशा सुरकुत्या पडलेले. फौजी इस्पितळात ऊब लागली आणि मग जी आग सुरू झाली ती कित्येक आठवडे चालली. चादरीचं वजन सोसायचं नाही. पुढे ती आग विझली. आग गेली त्याबरोबर बाकीचंही सगळं गेलं. गरम नाही, गार नाही, बोच नाही.

* * *

काटा निघाला त्याच आठवड्यात सरकारी पत्र आलं. थंडीत अकोल्याला मेडिकल बोर्ड बसणार होतं. पायांचं नुकसान नोकरीमुळं झालं की नाही, आणि झालं असेल तर शेकडा किती, हे ते ठरवणार. मी फौजेचे सगळे कागद घेऊन शाळेतल्या गुरुजींकडे गेलो. जानरावभाऊही आले. गुरुजी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होते. एका ओळीवर ते थांबले, पुन्हा वाचली, चष्मा पुसला.

"काय लिवलं हाये गुरुजी?" भाऊंनी विचारलं.

"लिहिलंय की पायांची निगा राखायचा हुकूम असताना या शिपायानं तो पाळला नाही. स्वतःच्या हलगर्जीपणामुळे पाय खराब झाले. हवालदाराच्या जबाबावरून ही नोंद केली आहे."

मला पहिल्यांदा वाटलं, कागद दुसऱ्या कोणाचा असेल. पण नाव माझं होतं, नंबर माझा होता.

गुरुजींनी नियमही समजावून सांगितला. स्वतःची चूक ठरली तर काहीच नाही. चूक नाही असं ठरलं तरी टक्के विसाच्या खाली गेले तर पेन्शन नाही.

घरी येताना भाऊ पुढं चालत होते. विहिरीजवळ ते थांबले.

"म्हंजे पाय तूनंच नासवले?"

"नाई भाऊ."

"कागद सरकारी हाये चंपत. कोनी उगाच लिवन काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं. मी फौजेत असताना त्यांनी एकट्यानं मळा ओढला होता. भाऊ लढाईवर आहे असं ते बाजारात अभिमानानं सांगत. त्या दिवसापासून आमचं बोलणं पाण्याची पाळी आणि भाजीची जुडी एवढ्यापुरतं उरलं.

* * *

आता लाजेची गोष्ट.

बोर्डाच्या कामासाठी अमरावतीला एका कचेरीत खेटे घालावे लागत. तिथं ओट्यावर एक जुना फौजी भेटला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्यानं माझ्या पायाची पट्टी पाहिली.

"हे कायचं?"

"काटा रुतला होता. जखम चिघळली."

"बोर्ड कधी हाये तुहं?"

"अजून अडीच महिने."

तो जवळ सरकला. "मंग बरी नको होऊ देऊ. बधिर पाय डाक्टरले दिसत नाई, गड्या. जखम दिसते. वाहती जखम असली का टक्के चढतेत."

हे चूक आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मला कोणी फसवलं नाही. घरी येईस्तोवर मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. कागदावर खोटं लिहून त्यांनी माझं घेतलं, मग मी थोडं खोटं करून परत घेतलं तर काय बिघडलं, असा माझा हिशेब.

यशोदा रोज सकाळी कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची आणि धुतलेल्या लुगड्याची पट्टी बांधायची. मी मळ्यात जाऊन पट्टी सोडायचो, ओल्या वाफ्यातून अनवाणी फिरायचो आणि संध्याकाळी पुन्हा बांधून घरी यायचो. दुखलं असतं तर एक दिवसही केलं नसतं. दुखतच नव्हतं, म्हणून पाच आठवडे केलं.

जखमेला वास येऊ लागला. यशोदा कडुनिंब वाढवत गेली, हळद भरत गेली. तिला वाटलं, आपल्याच हाताला गुण नाही. मी तिला तसं वाटू दिलं. सगळ्यात वाईट मी केलं ते हे.

एके दिवशी पट्टी सोडता सोडता ती थांबली.

"म्या अशी गाठ मारत नाई."

मी पाय मागं ओढला, तिनं तो धरून ठेवला.

"अन् हा चिखल आतून कसा आला?"

मी सांगून टाकलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पाण्याचं भांडं बाजूला सारलं आणि भिंतीला टेकून बसली.

"म्या रोज देवाले हात जोडून राह्यली, अन् तुमी रोज चिखलात पाय घालून राह्यले," एवढंच म्हणाली.

मी उठायला गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तिनं अंगाला हात लावला. अंग तापानं भाजत होतं. धोतर वर सारून पाहिलं तर घोट्यापासून निघालेली लाल रेघ गुडघ्याच्या वर गेली होती आणि जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं.

यशोदा धावत भाऊंकडे गेली. ते तसेच उठले. गाडी जुंपली, कडबा पसरला, मला उचलून ठेवलं. यशोदा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. वलगाव ते अमरावती हा रस्ता मी भाजीची गाडी घेऊन शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी तो संपेचना. वाटेत भाऊंनी एकदाच मागं वळून विचारलं.

"दुखते?"

"नाई."

"तेच तं," ते म्हणाले आणि बैलांना हाकारलं.

* * *

डॉक्टर सडसडीत, चष्मेवाले, तुटक बोलणारे होते. त्यांनी पट्टी सोडली, नाक न झाकता वाकून पाहिलं.

"किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

"फौजेत होतास?"

"हाव."

"बोर्ड कधी आहे?"

मी दचकलो. भाऊ माझ्याकडे बघायला लागले.

"मी बोर्डाची तारीख विचारतोय," डॉक्टर म्हणाले. "असे येतात माझ्याकडे. जखम राखून आलेले. मागं एकाचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यालाही असाच कोणी शहाणा भेटला होता."

भाऊंना तेव्हा कळलं. मला वाटलं, ते निघून जातील. ते खाटेची कड धरून तिथंच उभे राहिले.

"पाय वाचन काय डाक्टरसाब?" यशोदेनं विचारलं.

"आज सांगता येणार नाही." त्यांनी खिशातून शाईचं पेन काढलं आणि माझ्या मांडीवर, लाली जिथवर पोचली होती तिथं, आडवी शाईची रेघ ओढली. "लाली हिच्या वर चढत राहिली तर पाय काढावा लागेल. कुठून, ते चढण्यावर. खाली उतरली तर बोटांवर भागेल."

पुढचे तीन दिवस मी त्या रेघेकडे बघून काढले. दवाखान्याचा दिवस भल्या पहाटे फिनेलच्या वासानं सुरू व्हायचा. झाडू फिरायचा, मग तोंडात ताप मोजायची काच, मग चहा, मग ड्रेसिंगची गाडी. तिच्या चाकांचा आवाज वॉर्डाच्या टोकाला झाला की सगळे जण बोलायचे थांबत. नव्यानं निघालेलं पेनिसिलिन मला टोचत होते. फौजेच्या साठ्यातून थोडं दवाखान्यात आलं होतं, असं सिस्टर म्हणाल्या. दंड सुजून गेले.

पहिल्या सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं वर होती. डॉक्टरांनी नवी रेघ ओढली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. यशोदा खाटेखाली सतरंजीवर बसलेली असायची. त्या दिवशी ती म्हणाली, "पाय गेला तरी चालन. तुमी राहा." मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या सकाळी लाली नव्या रेघेवरच होती.

भाऊ रोज भाजी बाजारात उतरवून तसेच वॉर्डात येत. धोतराला मेथीची पानं चिकटलेली असत. खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, माझ्या तोंडाकडे नाही तर मांडीकडे बघायचे आणि जायचे. तिसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून बघत राहिले. मग बोट लावलं.

"यशोदा, हे पाह्य बरं. खाली आली काय?"

खरंच आली होती. करंगळीच्या पेराएवढी, पण खाली. भाऊ मटकन खाटेवर बसले. नियमानं बसायला मनाई होती. सिस्टरनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दोन बोटं गेली. पाय राहिला.

ड्रेसिंग करणारे रहीमचाचा म्हातारे होते. पट्टी करताना मी मान फिरवायचो. ते हात थांबवायचे. "इधर देखो. तुम्हारा पाँव तुमको कुछ नहीं बोलेगा, बेटा. तुमको ही रोज उसको देखना पड़ेगा." मग ते माझ्या पायाला हात लावून सांगायचे, आता टाचेला लावलं, आता अंगठ्याला. मला काही कळत नसे, तरी मी बघत राहायचो. मलमाइतकाच त्यांचा हा धडा मला पुढे उपयोगी पडला.

सुटी देताना डॉक्टरांनी बोर्डासाठी चिठ्ठी दिली. "पाय बधिर होता म्हणून काटा कळला नाही, एवढं मी लिहिलंय. ते खरं आहे. पाच आठवड्यांचं काय सांगायचं, ते तू ठरव."

* * *

बोर्डाला तीन आठवडे उरले होते. मी काठी घेतली आणि अकोल्याला जायला निघालो. भाऊ म्हणाले, "मी येतो."

किसन हवालदार अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात फाटकावर जमादार होता. कापसाचा हंगाम होता, बाहेर लांबवर गाड्यांची रांग, हवेत सरकीचा वास. मला बघताच त्यानं मिठी मारली.

"चंपत! लेका, जिता हायेस!"

मग त्याची नजर खाली गेली. मी कागद काढला, काय लिहिलंय आणि बोर्ड कधी बसणार ते सांगितलं, आणि बोर्डापुढं खरं सांगायला या म्हटलं. त्याचे हात माझ्या खांद्यावरून खाली आले.

"मले आठवत नाई आता ते."

"चार दिस आमी खड्ड्यात होतो. तुमी एक डाव बी नाई आले."

"गोळे पडून राह्यले होते, चंपत."

"म्हून तं म्या आजलोक कोनाले बोललो नाई. पन तुमी लिहून देल्लं का रोज पाय पायले, अन् म्या आयकलं नाई."

तो इकडेतिकडे बघून फाटकाच्या आडोशाला सरकला. "साहेबानं समद्या हवालदाराले रांगेत उभं केलं. एवढ्या लोकाचे पाय कसे गेले म्हने. रोज पायत होता का? नाई म्हटलं असतं तं बाहीवरच्या पट्ट्या गेल्या असत्या, वरून सजा. तू इस्पितयात होता. मले वाटलं, तुले कायचा फरक पडते."

"फरक पडला."

"आता बोललो तं माही बी पेन्शन बंद होईन. लेकरं हायेत मले." त्यानं तोंड फिरवलं आणि एका गाडीवानावर उगाच ओरडला. "मी नाई येत. मले माफ कर."

मी वळलो. भाऊ जागचे हलले नाहीत.

"हवालदारसाहेब, एकच सांगा. बोर्डाले नोका सांगू, मले सांगा. माह्या भावानं हुकूम मोडला होता का?"

किसननं मिशांवर बसलेले कापसाचे तंतू पुसले.

"नाई," तो म्हणाला. "त्याच्याजवळ मोजेच नोते. पिट्टू नाल्यात गेल्तं. मले मालूम होतं."

"बस," भाऊ म्हणाले. त्यांनी माझा दंड धरला आणि स्टेशनपर्यंत सोडला नाही. गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली ती मला दिली. बडनेरा आलं तेव्हा ते म्हणाले, "तो आला नाई तं नाई आला. मी येतो तुह्यासंग."

* * *

बोर्डात तिघं डॉक्टर होते. मधला अध्यक्ष गोरा, बाकीचे दोघं आपले. बाजूला मराठी सांगणारा कारकून. मला स्टुलावर बसवून डोळे मिटायला लावले आणि टाचणीनं टोचून विचारलं, कुठं टोचलं? मी अंदाजानं सांगत गेलो. डोळे उघडले तेव्हा कारकून माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता.

मग अध्यक्षांनी तो कागद काढला. मोजे का बदलले नाहीत? मी झालं ते सांगितलं.

"साक्षीदार आहे का, विचारतात," कारकून म्हणाला.

"हवालदार होते. ते आले नाहीत."

तेवढ्यात चपराशी आत आला आणि कारकुनाच्या कानाशी लागला. दार उघडलं. किसन आत आला. अंगात फौजेचा जुना कोट, बाहीवर तीन पट्ट्या. त्यानं टाच जुळवून सलाम ठोकला.

"साहेब, तो जबाब म्या देल्ता. तो खोटा हाये. म्या पाय पायलेच नोते. या शिपायाची चूक नाई."

काय बोलतोयस ते समजतंय का, असं अध्यक्षांनी त्याला दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा "हाव साहेब" म्हणाला. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्यानं सही केली.

मला वाटलं, संपलं. पण अध्यक्षांनी माझ्या बोटांच्या जागेवर पेन्सिल टेकवली आणि अमरावतीची चिठ्ठी वाचली. कारकून म्हणाला, "काटा लागल्यावर पाच आठवडे इलाज का केला नाही, असं विचारतात." आणि आवाज खाली करून स्वतःच पुढं म्हणाला, "पावसापाण्यात गाडी मिळाली नाही म्हणून सांगा."

किसन माझ्यापासून दोन हातांवर ताठ उभा होता. आत्ताच त्यानं आपली पेन्शन टांगणीला लावली होती. माझ्या जिभेवर गाडीचं उत्तर तयार होतं; ते मी गिळलं.

"जखम म्या बोर्डासाठी राखली होती," मी म्हणालो. "टक्के वाढतीन म्हणून."

कारकुनानं इंग्रजी केलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

"सांगा त्याईले."

त्यानं सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोघा आपल्या डॉक्टरांपैकी एकानं मराठीत विचारलं, "कोणी शिकवलं हे?"

"आयकलं म्या. केलं बी म्याच. दुसऱ्याचं नाव कायले घेऊ?"

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

बाहेर पायरीवर किसननं माझी गचांडी धरली. "येडा हायेस काय तू? मी माह्या गळ्यात फास घालून आलो, अन् तू सोताच्या हातानं समदं घालवलं!" मग त्याचे हात सुटले. तो पायरीवर बसला. भाऊ तिघांसाठी चहा घेऊन आले. आम्ही तो पिऊन टाकला, आणि निघताना किसननं विचारलं, "चालतानी तोल जाते काय तुहा?" मी म्हटलं, "जाते थोडा." त्यानं माझ्याच काठीकडे बोट करून ती दोन बोटं उंच हवी असं सांगितलं.

* * *

उत्तर यायला उन्हाळा लागला. गुरुजींनी आमच्याच ओसरीवर वाचलं. भाऊ समोर, यशोदा दारात. दोन्ही पायांचं बधिरपण फौजेच्या नोकरीमुळं, शिपायाच्या हलगर्जीपणाची नोंद रद्द, शेकडा वीस, म्हणजे पेन्शन बसली. कापलेली दोन बोटं मात्र त्यात धरली नव्हती. ती शिपायाच्या स्वतःच्या वागण्यामुळं गेली, असं स्पष्ट लिहिलं होतं.

मग भाऊ म्हणाले, "गुरुजी, ते रद्द केल्याचं पुन्यांदा वाचा."

किसनकडे एकदा चौकशीचा कागद आला, त्यानं पुन्हा तेच लिहून दिलं. त्याची पेन्शन अजून चालू आहे. पुढचं त्याला माहीत नाही, मलाही नाही. सणाला आम्ही एकमेकांकडे जातो.

पाय तसेच आहेत. वाफ्यातही चप्पल घालूनच उतरतो. पाण्यात पाय घालायच्या आधी हात घालून पाहतो. थंडीत शेकोटीपासून लांब बसतो, कारण भाजलेलं कळत नाही. रोज दिवेलागणीला यशोदा माझे दोन्ही तळवे उजेडात धरून बोटाबोटांत बघते. मी तिची कितीदा माफी मागितली. ती म्हणते, "पाय हालवू नोका." अजूनही पट्टीची वेळ आली तर गाठ ती स्वतः मारते आणि सकाळी तपासते. तो विश्वास मी गमावला तो पुरा परत आलेला नाही.

मागच्या महिन्यात शेंदूरजनाघाटचा एक जण मला शोधत आला. संत्र्याच्या बागेत कामाला, लढाईत ब्रह्मदेशात होता. घोट्यापर्यंत फडकं गुंडाळलेलं. माझं नाव त्याला कोणी सांगितलं माहीत नाही. ओसरीवर बसला, पाणी प्याला.

"बोर्ड हाये माहं, वीस दिसानं. तुमाले वीस टक्के भेटले म्हंतेत. जखम वाहती असली का जास्त भेटतेत, खरं हाये काय?"

तो वास मला दारातच आला होता. मी आतल्या बाजूला तोंड करून भाऊंना गाडी जुंपायला सांगितलं.

"कुठं जाऊन राह्यलो आपन?" त्यानं विचारलं.

"अमरावतीले, दवाखान्यात. टक्क्याचं मी तुले गाडीत सांगतो," मी म्हणालो. "पयले ते फडकं सोड."